नवीन अँटिबायोटिक का येत नाही पटकन? मागची स्टोरी

पुण्यात घसा धरला की मेडिकलवाल्याला 'अझीची (अझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची) एक पट्टी द्या' म्हणणारे आपणच, आणि औषध लागू पडेना झालं की नवीन का काढत नाहीत म्हणून चिडणारेही आपणच. काढतात हो, शंभर वर्षांहून जास्त काळ चाललंय ते.

म्हणजे पेनिसिलिनच्याही आधीपासून. १९१० ला सिफिलिसवर साल्वरसान हे औषध आलं, १९३० च्या दशकात जर्मनीत डोमाक या शास्त्रज्ञाला कापड रंगवायच्या रंगांसारख्या संयुगांत सल्फा औषधं सापडली, दोन्ही लॅबमध्ये बनवलेली. मग बुरशीतून मिळणारं पेनिसिलिन आलं आणि सगळे तिकडे वळले, आपल्या पिंपरीत १९५४ ला डब्ल्यूएचओ आणि युनिसेफच्या मदतीनं हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली ती त्यासाठीच. (पिंपरीच्या मातीतून पुढे हॅमायसिन हे औषधही निघालं, पण ते बुरशीच्या आजारांवरचं.)

पेनिसिलिनच्या रेणूत चार अणूंची एक ताणलेली रिंग असते, तीच खरं काम करते, आणि बॅक्टेरिया एन्झाइम (रेणू तोडणारं प्रोटीन) सोडून नेमकी तीच फोडतात. १९५० चं दशक संपता संपता इंग्लंडच्या बीचम कंपनीनं पेनिसिलिनचा नुसता गाभा वेगळा काढला, मग त्याला हवी ती अणूंची साखळी जोडता यायला लागली, आणि त्यांनी इतकी जाडजूड साखळी लावली की एन्झाइमला रिंगपर्यंत पोचताच येईना. हे मेथिसिलिन. १९६१ ला त्यालाही दाद न देणारे बॅक्टेरिया सापडले! त्यांनी रिंगला हातच लावला नाही, औषध ज्या प्रोटीनला चिकटतं त्याच्या जागी दुसरंच प्रोटीन वापरायला लागले. तेच एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला न जुमानणारे स्टॅफ बॅक्टेरिया.

पूर्ण सिंथेटिक, म्हणजे लॅबमध्येच बनवलेलं अँटिबायोटिक म्हणाल तर नॅलिडिक्सिक ॲसिड, तेही मलेरियाचं क्लोरोक्विन बनवताना बाजूला पडलेल्या मालातून हाती लागलं, त्याच खानदानातले आपले नॉरफ्लॉक्स, सिप्रो. आता त्यांचाही भरवसा राहिला नाही.

२०२४ ला हार्वर्डच्या टीमनं क्रेसोमायसिन हे नवं अँटिबायोटिक दाखवलं. बॅक्टेरिया आपल्या रायबोसोमवर (पेशीतलं प्रोटीन बनवणारं यंत्र, औषध तिथेच बसतं) मिथाइल नावाचा अणूंचा एक छोटा गट चिकटवून औषधाला जागाच देत नाहीत, म्हणून यांनी रेणू आधीच योग्य आकारात घट्ट बांधून टाकला, तो तसाच जाऊन बसतो. उंदरांवर चाललंय, माणसांचं अजून लांब.

आणि पैसा? अकाओजेन कंपनीच्या प्लाझोमायसिन या नव्या अँटिबायोटिकला २०१८ ला अमेरिकेत मंजुरी मिळाली, २०१९ ला कंपनीचं दिवाळं. असं औषध पाच-सात दिवस घ्यायचं, तेही डॉक्टर शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवणार, मग खपणार किती?