भिंतींचे बाह्य आच्छादन : कोल्हापूर परिसर

घराच्या मूळ भिंतीवर बाहेरून बसवलेला, पाऊस-वारा-ऊन स्वतःच्या अंगावर घेणारा फळ्यांचा, पत्र्यांचा किंवा तक्त्यांचा थर म्हणजे बाह्य आच्छादन. कॅनडा, नॉर्वे, अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये अशा थंड मुलखांत त्याला साइडिंग किंवा क्लॅडिंग म्हणतात. तेथील घराचा सांगाडा बहुधा लाकडी असल्याने आच्छादनाशिवाय घर पुरे होत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात भिंत विटेची, जांभ्याची, काळ्या दगडाची किंवा मातीची असते. आच्छादन येते ते फक्त पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या अंगाला, आणि तेही बहुधा घर बांधून दोन-चार पावसाळे झाल्यावर, आतल्या भिंतीला ओल दिसू लागली की.

जिल्ह्याच्या पावसात पूर्व-पश्चिम फरक फार मोठा आहे. घाटमाथ्यावरच्या गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कोल्हापूर शहरात तो हजाराच्या आसपास येतो आणि शिरोळकडे त्याच्याही निम्म्यावर उतरतो. त्यामुळे ‘कोल्हापुरात कोणते आच्छादन चांगले’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. शिरोळच्या घराला चांगला गिलावा आणि पुरेसा छज्जा बास होतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीचा आंबा घाटाकडचा पट्टा, आजरा आणि चंदगडचा पश्चिम भाग येथे मात्र नैर्ऋत्य मान्सूनची झड भिंतीवर आडवी येते. तरण्या पावसापासून म्हाताऱ्या पावसापर्यंत, म्हणजे पुनर्वसू ते पुष्य नक्षत्रांत, भिंतीला वाळायला सलग दोन दिवसही मिळत नाहीत. साधी भाजकी वीट स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते आणि भारतीय मानकालाही ते चालते. जांभाही सच्छिद्रच. असे पाणी प्यालेली भिंत ऑगस्टअखेरीस आतून पोपडे टाकू लागते, आणि रंगाचा दुसरा हात देऊन ते थांबत नाहीत.

थंड मुलखातली अडचण वेगळी असते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. विटेच्या किंवा लाकडाच्या छिद्रांत शिरलेले पाणी एका हिवाळ्यात कितीतरी वेळा गोठते आणि वितळते, आणि दर वेळी छिद्रे थोडी थोडी फोडते. शिवाय घर आतून तापवलेले असल्याने आतली दमट हवा भिंतीतून बाहेर जाऊ पाहते आणि थंड थरावर तिचे पाणी होते. म्हणून तेथे भिंतीच्या उबदार बाजूला, म्हणजे आतून, बाष्परोधक पडदा लावतात. कोल्हापूरचा पारा गोठणबिंदूच्या जवळपासही जात नाही आणि घरे कोणी तापवत नाही. तेथील पुस्तकी आराखडा पाहून येथे भिंतीला आतून प्लास्टिकचा कागद लावला, तर बाहेरून आलेली ओल कागदामागे कोंडते. हा उपद्व्याप हौशी नव्या घरांत अधूनमधून दिसतो.

तरीही थंड देशांकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे : आच्छादनामागची पोकळी. पाणी भिंतीत केवळ ओघळून शिरत नाही. वाऱ्याचा दाब ते ढकलतो आणि बारीक भेगा ते ओढून घेतात. बाहेरचा थर कितीही घट्ट बसवला तरी कुठेतरी पाणी आत येणारच, असे मानून नॉर्वेच्या पावसाळी किनारपट्टीवर फळ्यांमागे उभ्या पट्ट्या ठोकतात आणि खाली-वर वाट मोकळी ठेवतात. आत आलेले पाणी पट्ट्यांमधून खाली निथळते, उरलेली ओल वाऱ्याने वाळते आणि दोन्हीकडचा दाब सारखा झाल्याने पाण्याला आत ढकलणारा जोरही ओसरतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात हे सोडून दिल्याची मोठी किंमत मोजावी लागली. व्हॅंकूव्हर भागात १९८० आणि १९९० च्या दशकांत बांधलेल्या असंख्य सदनिकांना छपराची पुढे आलेली कड नव्हती आणि बाहेरचा गिलावा मागे पोकळी न ठेवता थेट लावलेला होता. आतले लाकूड कुजले. प्रांताचे माजी प्रमुख डेव्ह बॅरेट यांच्या आयोगाने १९९८ मध्ये या प्रकरणाची चौकशी केली. तेथला हिवाळा बर्फापेक्षा पावसाचाच असतो, त्यामुळे हे उदाहरण घाटमाथ्याला अमेरिकेतल्या बर्फाळ मिनेसोटा राज्यातल्या कोणत्याही घरापेक्षा जवळचे आहे.

जुन्या घरांची रीत

पश्चिम भागातल्या जुन्या घरांनी हाच प्रश्न छपराने सोडवला होता. कौलारू छप्पर भिंतीच्या बरेच पुढे आणायचे, पावसाच्या बाजूला पडवी काढायची आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पाडायच्या. वळचणीला सरपण, शेणी, औते सुकी राहत ती त्यामुळेच. भिंत मातीच्या भेंड्यांची असली तरी जोते काळ्या दगडाचे, कारण पागोळीचे शिंतोडे दीड-दोन फूट उडतात. एवढे करूनही झड पोहोचेल त्या भिंतीला मृगाआधी बांबूच्या कामट्यांवर गवताचा किंवा उसाच्या पाल्याचा आडोसा बांधत आणि पावसाळा सरला की सोडत. पाल्याची टोके खाली, थरावर थर, आणि भिंत व आडोसा यांत हात जाईल एवढी फट. पाणी पाल्यावरून ओघळे आणि फटीतून वारा खेळे. नॉर्वेच्या फळीमागचे तत्त्व ते हेच, फक्त ते दर वर्षी नव्याने बांधावे लागे. आता तेथे ताडपत्री, मेणकापड किंवा निवडणुकीचे जुने फ्लेक्स दिसतात. त्यांचा दोष असा की ते भिंतीला चिकटून बसतात. पाणी अडते खरे, पण आत शिरलेले वाळत नाही आणि कापड काढले की मागे काळी बुरशी निघते.

शहरात श्रीमंती बांधकाम काळ्या दगडाचे. १८७७ ते १८८४ या काळात उभा राहिलेला, चार्ल्स मांट यांच्या आराखड्याचा नवा राजवाडा हे त्याचे ठळक उदाहरण. घट्ट, घडीव बेसाल्टच्या जाड भिंतीला आच्छादनाची गरजच पडत नाही. अलीकडच्या बंगल्यांवर याच दगडाच्या पातळ चिपा सिमेंटने किंवा डिंकाने चिकटवतात, तो निव्वळ देखावा आहे. वरच्या मजल्यांवर दगड लावायचाच असेल तर तो स्टेनलेस स्टीलच्या क्लॅम्पवर, मागे फट ठेवून टांगावा. चिकटवलेली चीप उन्हा-पावसाने सैल होऊन खाली पडते, आणि खाली माणसे असतात.

खरे नुकसान झाले ते आरसीसीच्या चौकोनी घरांमुळे. छप्पर गेले, त्याबरोबर वळचण गेली. जागेची इंच इंच किंमत असल्याने छज्जा खिडकीपुरता उरला. आच्छादनाची आजची गरज बरीचशी येथून आली आहे, आणि घर अजून कागदावर असेल तर अडीच-तीन फुटांची छपराची कड हे कोणत्याही पत्र्यापेक्षा स्वस्त आच्छादन ठरते.

साहित्याची निवड

घाटाकडे सर्वाधिक वापर रंगीत पोलादी पत्र्याचा. शिरोली, गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींतल्या शेडमुळे तो आणि तो बसवणारे फॅब्रिकेशनवाले दोन्ही सहज मिळतात. पत्र्यावर नुसत्या जस्ताचा लेप असतो किंवा सुमारे ५५ टक्के ॲल्युमिनियम, उरलेले मुख्यतः जस्त आणि थोडे सिलिकॉन अशा मिश्रणाचा. सततच्या पावसात दुसरा लेप सहसा जास्त टिकतो, मात्र ओल्या सिमेंटशी त्याचे जमत नाही. म्हणून गवंड्याचे काम पुरते वाळल्याशिवाय असा पत्रा चढवू नये आणि खालची कड गिलाव्यात गाडू नये. दुकानात चौकशी रंगाची होते, जाडीची कमी आणि लेपाच्या वजनाची जवळजवळ कोणीच करत नाही. पत्रा किती वर्षे जगेल हे मात्र त्या शेवटच्या आकड्यावर ठरते. भिंतीसाठी ०.४५ मिलिमीटरच्या आतला पत्रा घेऊ नये. वळवाच्या वाऱ्यात तो फडफडतो आणि स्क्रूची भोके रुंदावतात.

फायबर सिमेंटचे तक्ते आणि फळ्या सिमेंट, वाळू आणि लाकडाच्या तंतूंपासून बनतात. त्यांना वाळवी लागत नाही, ते गंजत नाहीत आणि पावसाचा आवाजही कमी करतात. गगनबावड्याच्या जुलैत पत्र्याच्या भिंतीला टेकून कधी झोपलेल्या माणसाला या शेवटच्या गुणाचे महत्त्व सांगावे लागत नाही. त्यांची दुबळी जागा म्हणजे कापलेली कड. तेथून पाणी आत जाते आणि तक्त्याचे थर सुटतात. थंड देशांत हेच पाणी गोठून नुकसान लवकर दिसते, येथे ते उशिरा दिसते एवढाच फरक. कापलेली प्रत्येक कड बसवण्याआधी प्रायमरने बंद करावी.

अमेरिकेत अतिशय लोकप्रिय असलेले व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीच्या फळ्या, कडाक्याच्या थंडीत ठिसूळ होते आणि उन्हात पसरते. सुमारे साडेतीन मीटरची फळी तापमानातल्या ४० अंशांच्या फरकाने आठ-दहा मिलिमीटर लांब-आखूड होते. म्हणून तिचा खिळा लांबट भोकाच्या मध्यावर मारतात आणि पुरता आवळत नाहीत. फळी खिळ्यावर सरकती राहावी लागते. आपल्याकडे प्लास्टिकच्या छताच्या पट्ट्या ‘वॉटरप्रूफ’ म्हणून बाहेरच्या भिंतीला मारल्या जातात, त्या घट्ट ठोकल्याने पहिल्याच एप्रिलमध्ये फुगून लाटा धरतात. आतल्या छतासाठी बनवलेली ती वस्तू उन्हात टिकावी अशी अपेक्षा धरणेच चूक.

लाकडाचे आच्छादन टिकाऊ करता येते, पण वाळवी, शेवाळ आणि दर काही वर्षांनी तेल देण्याचा व्याप पाहता ते पन्हाळ्यासारख्या ठिकाणच्या हौशी बंगल्यांपलीकडे कोणी करू नये. राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुकानांच्या दर्शनी भागावर ॲल्युमिनियमचे संमिश्र तक्ते, म्हणजे दोन पातळ पत्र्यांमध्ये गाभा भरलेले, सर्रास दिसतात. ते पाणी चांगले परतवतात, मात्र त्यांच्या पोटात साधे पॉलिथिन असले तर आग वर चढते. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ जणांचा बळी गेला, त्यात आग पसरण्याचे मुख्य कारण असेच आच्छादन होते. घर आणि दुकान एकाच इमारतीत असेल तर आग न धरणाऱ्या गाभ्याचाच तक्ता मागावा.

बसवणी

काम रोहिणी नक्षत्राआधी संपायला हवे. आधी भिंतीच्या भेगा, खिडक्यांच्या चौकटींभोवतीची फट आणि स्लॅब व वीट यांचा सांधा दुरुस्त करावा. आच्छादन चढल्यावर हे काही दिसत नाही. भिंतीवर गंजरोधक रंग दिलेले बॉक्स पाइप ठोकून सांगाडा करतात. पन्हळी पत्रा उभा लावायचा तर पाइप आडवे येतात आणि आत आलेले पाणी त्यांवर साचते. म्हणून पाइप आणि भिंत यांत छोटे ठोकळे देऊन पाइप थोडे पुढे काढावेत, म्हणजे पाणी मागून सरळ खाली जाते. गवंडी हे ठोकळे हमखास गाळतो, तेव्हा पहिला पाइप लागताना मालकाने उभे राहिलेले बरे.

पत्र्याचा उभा जोड वाऱ्याकडे पाठ करून असावा. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा पहिला पत्रा उत्तरेच्या कोपऱ्यात लावून दक्षिणेकडे यायचे आणि प्रत्येक नवा पत्रा आधीच्यावर चढवायचा. उलट क्रमाने लावला तर प्रत्येक जोड झडीसाठी उघडे तोंड होतो. छपरावर स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारतात, भिंतीवर तो पाइपला टेकलेल्या खोलगट भागात मारायचा. रबराचा वायसर किंचित दबेल इतकाच आवळावा. चेपून बाहेर आलेला रबर दोन उन्हाळ्यांत तडकतो आणि सैल राहिलेला पहिल्याच पावसात पाणी देतो. पत्रा ग्राइंडरने कापू नये. ठिणग्यांनी कडेचा लेप जळतो, आणि पत्र्यावर उडालेला लोखंडाचा चुरा तसाच राहिला तर थोड्याच दिवसांत तेथे तांबूस ठिपके येतात. कातरीने किंवा पत्र्यासाठीच्या थंड कापणीच्या पात्याने कापावा आणि संध्याकाळी मऊ झाडूने चुरा झाडावा.

खिडकीवरची पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी भिंतीत खाच करून तिच्यात घुसवावी, नुसते सिलिकॉन मारून भागवू नये. वरच्या कडेला टोपी, तिच्याखाली हवेची फट. खालची कड जमिनीपासून किमान एक-दीड फूट वर आणि उघडी. तेथे बारीक जाळी मारली नाही तर पोकळीत उंदीर संसार थाटतात. खालून पाणी ठिबकताना दिसले की घरमालक घाबरून ती फट सिमेंटने बंद करून टाकतो. ठिबकते आहे म्हणजेच आच्छादन काम करते आहे.

पूरपट्ट्यात हिशेब बदलतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पोकळीत गाळ बसला तर तीच पोकळी ओल धरून ठेवते. करवीर-शिरोळच्या नदीकाठच्या घरांत खालच्या चार-पाच फुटांचे पत्रे वेगळे, स्क्रू काढून सुटतील असे लावावेत आणि तेथे उष्णता अडवण्यासाठी काचलोकर किंवा रॉकवूल भरू नये. भिजलेली लोकर मागच्या भिंतीला महिनोन्‌महिने वाळू देत नाही.

देखभालीला फारसे काही लागत नाही. मान्सून पाण्याची परीक्षा घेतो, वळीव बांधणीची. वळवाचा वारा कोणत्याही दिशेने येतो आणि पत्रा भिंतीपासून बाहेर ओढतो, म्हणून एप्रिल-मेच्या प्रत्येक मोठ्या वादळानंतर कोपऱ्यांतले स्क्रू पाहावेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास शेवाळ साध्या पाण्याने आणि ब्रशने काढावे. दाबाचा फवारा खालून वर मारला तर पाणी जोडांतून आत जाते.

जुन्या भिंतींवर आणि गोठ्यांवर सिमेंटचे राखाडी पत्रे बऱ्याच ठिकाणी अजून आहेत. त्यांतल्या पुष्कळांत ॲस्बेस्टॉस असते आणि भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर सरसकट बंदी नाही. शाबूत पत्रा आहे तसा राहू द्यावा. काढायचाच झाल्यास आधी पाण्याने भिजवावा, नट सोडून अख्खा उतरवावा, नाका-तोंडावर योग्य मास्क असावा आणि तो फोडू, घासू किंवा ग्राइंडरने कापू नये. उतरवलेल्या तुकड्यांचा भराव अंगणात किंवा गोठ्यात टाकण्याची पद्धत तर तातडीने बंद करावी, कारण पायाखाली चुरडलेल्या तुकड्यांतले तंतू सुकल्यावर हवेत उडतात आणि फुप्फुसात जातात.