स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अत्यावश्यक सेवा : कोणत्या आणि त्या ठरवतं कोण

महापालिका असो, नगरपरिषद असो नाहीतर ग्रामपंचायत, सगळीकडे कामांची यादी लांबलचक आणि तिजोरीत पैसा कमी, त्यामुळे कुठलं काम काहीही झालं तरी थांबू द्यायचं नाही आणि कुठलं जमलं तर करायचं हे कुणाला तरी ठरवावंच लागतं. त्या ठरवण्याला अत्यावश्यक सेवा निश्चित करणं म्हणतात. वरवर बघता हे सोपं वाटतं, पाणी, कचरा, दिवाबत्ती, दवाखाना, झालं की. पण महाराष्ट्रात अत्यावश्यक म्हणजे काय याच्या निदान तीन वेगवेगळ्या याद्या आहेत, एक महापालिका-पंचायतींच्या कायद्यातली, एक संपबंदीच्या कायद्यातली आणि एक संकटाच्या वेळी रातोरात निघणाऱ्या आदेशातली, आणि या तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. माझ्या मते सगळा घोळ तिथेच आहे, कारण एखादं काम थांबवायला बंदी असते पण ते चालू ठेवायला लागणारा पैसा आणि माणूस यांची हमी कुठेच नसते.

पहिली यादी कायद्यातली. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा, त्यात कलम ६१ मध्ये महापालिकेने केलीच पाहिजेत अशी कामं आहेत आणि कलम ६३ मध्ये वाटलं तर करावीत अशी. बाकीच्या महापालिकांना १९४९ चा कायदा लागू होतो आणि तिथे हीच विभागणी कलम ६३ आणि ६६ मध्ये आहे. बंधनकारक यादीत रस्ते झाडणं, मैलापाणी, पाणीपुरवठा, रस्त्यावरचे दिवे, अग्निशमन, दवाखाने, स्मशानं, जन्म-मृत्यूची नोंद, लसीकरण, प्राथमिक शिक्षण, धोकादायक इमारती हे सगळं येतं, शिवाय शहराच्या हद्दीच्या खुणा उभारणं आणि घरांना नंबर देणं हेसुद्धा येतं. बागा, वाचनालयं, संग्रहालयं ऐच्छिक बाजूला. आणि शहरातली बससेवा पण ऐच्छिक! म्हणजे पुण्यात पीएमपीएमएल बंद पडली तर लाखो लोक कामावर पोचणार नाहीत, तरी कायद्याच्या भाषेत ते महापालिकेने केलंच पाहिजे असं काम नाही. म्हणून बसला पैसे द्यायची वेळ आली की दरवर्षी तोट्याची चर्चा होते, ड्रेनेज तोट्यात चाललंय असं मात्र कुणी म्हणत नाही.

ग्रामपंचायतींचं आणखी वेगळं. १९५८ च्या अधिनियमात कलम ४५ आहे आणि त्याला जोडलेली कामांची यादी आहे, शेती, शिक्षण, आरोग्य, पाणी, रस्ते, बरंच काही, पण ही कामं ग्रामनिधी पुरेल तेवढ्यापुरतीच करायची असं कायदाच सांगतो. नंतर ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती आली, १९९३ पासून लागू झाली, अकराव्या अनुसूचीत गावासाठी २९ विषय आणि बाराव्या अनुसूचीत शहरासाठी १८ विषय दिले गेले, पण त्यातले कुठले विषय खरोखर द्यायचे आणि सोबत पैसा किती द्यायचा हे राज्यांवर सोडलं.

पैसा नाही ही सबब कोर्टात चालते का, याचं उत्तर १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने दिलं. मध्य प्रदेशातल्या रतलाम नगरपालिकेच्या हद्दीत एका वस्तीत उघडी गटारं वाहत होती, संडास नसल्याने लोक रस्त्याकडेला बसत होते, दारूच्या कारखान्याचं घाण पाणी वस्तीत शिरत होतं. लोक मॅजिस्ट्रेटकडे गेले, मॅजिस्ट्रेटने नगरपालिकेला गटारं बांधायला सांगितलं आणि नगरपालिका आमच्याकडे पैसाच नाही म्हणत थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेली. न्या. कृष्ण अय्यर यांनी ते ऐकलं नाही. लोकांच्या आरोग्याचं मूलभूत काम टाळायला रिकामी तिजोरी हे कारण होऊ शकत नाही असा त्या निकालाचा अर्थ आहे. आजही ड्रेनेज, कचरा, पाणी यावर लोक कोर्टात गेले की वकील रतलामचा निकाल पुढे करतात.

मुंबईत हाच प्रश्न पाण्यावरून आला. ठरावीक तारखेनंतर वसलेल्या झोपड्यांना महापालिका नळ द्यायची नाही, कारण वस्तीच बेकायदा. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की घर बेकायदा असलं तरी पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, तेव्हा कुठल्या तरी पद्धतीने पाणी द्यावंच लागेल. महापालिकेचं सर्वांसाठी पाणी हे धोरण यायला मात्र २०२२ उजाडलं. सेवा अत्यावश्यक आहे हे ठरलं तरी कुणासाठी अत्यावश्यक हा वाद उरतोच, आणि तो आपल्याकडे फार जुना आहे. महाडचं चवदार तळं नगरपालिकेचं होतं. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले, पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला, तरी कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी लोकांना घेऊन तिथे पाणी प्यायलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. तळ्यावरून चाललेला कोर्टकज्जा १९३७ ला संपला. सेवा होती, तळंही भरलेलं होतं, फक्त कुणाची तहान मोजायची हे गावाने आपल्या सोयीने ठरवलं होतं.

गावगाड्यातही सेवांची उतरंड होती. बलुतेदारांशिवाय, म्हणजे सुतार, लोहार, महार अशा ठरलेल्या कामकऱ्यांशिवाय, गावाचं चालायचं नाही, अलुतेदार म्हणजे कमी गरजेचे कामकरी, ते लागले तर लागले. सुगीला धान्यातून बलुतं मिळायचं. पण ज्यांच्यावाचून गाव अडायचं त्यातल्याच कित्येकांना गावाबाहेर राहावं लागायचं, मेलेलं जनावर ओढणं, वेसकर म्हणून राखण करणं, सरकारी निरोप पोचवणं ही महारांची कामं, त्याला वतन म्हणायचे पण ती वेठबिगारीच. आंबेडकरांनी १९२८ मध्ये वतन कायदा बदलण्यासाठी मुंबई विधिमंडळात विधेयक आणलं होतं, ही कनिष्ठ वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. आज शहरातल्या सफाईच्या कामाकडे बघा, रस्ते झाडणारे, गटारात उतरणारे अजून बहुतांशी त्याच समाजांतून येतात, लाड-पागे समितीच्या शिफारशीने सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते हा त्या घरांना मोठा आधार आहे, पण ठेकेदारी आली तशा कायम जागाच कमी होत चालल्यात.

आता दुसरी यादी, मेस्माची. महाराष्ट्र अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा म्हणजे मेस्मा, तो लावला की संप करणं गुन्हा ठरतो. मार्च २०१८ मध्ये अंगणवाडी सेविकांना मेस्मा लावला होता. या बायकांना पगार नाही, मानधन मिळतं, सरकारच्या लेखी त्या कर्मचारीसुद्धा नाहीत, पण त्यांनी काम थांबवलं तर मुलांचा आहार थांबतो म्हणून सेवा मात्र अत्यावश्यक. विधिमंडळात गदारोळ झाला आणि सरकारला त्याला स्थगिती द्यावी लागली. हे उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण सेवेला अत्यावश्यक म्हणताना ती देणाऱ्या माणसाला काय द्यायचं हा प्रश्न त्यात उघडा पडला.

तिसरी यादी २०२० च्या लॉकडाऊनमधली. मार्चअखेर सगळं बंद झालं आणि एका झटक्यात कळलं की सफाई, पाणी, दवाखाने, स्मशानं आणि अग्निशमन दल थांबवताच येत नाहीत. गंमत अशी की जी बस कायद्यात ऐच्छिक तीच तेव्हा सगळ्यात आधी लागली, मुंबईची लोकल बंद असताना नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना बेस्ट आणि एसटीच्या गाड्यांनी कामावर नेलं. लोकल १५ जून २०२० ला सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी, ओळखपत्र बघून. रोजंदारीवर धुणीभांडी करणाऱ्या बाईला त्या गाडीत जागा नव्हती.

गावपातळीवर अत्यावश्यक काम कसं दिसतं ते एकदा जवळून बघावं. पाणी सोडणारा माणूस, म्हणजे गावाचा जलसुरक्षक, सकाळी टाकीपाशी बादलीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर कालवतो, चुना खाली बसू देतो, वरचं निवळ टाकीत ओततो, अर्धा तास थांबून पाणी सोडतो आणि गावातल्या शेवटच्या घराच्या नळावर जाऊन ओटी टेस्ट, म्हणजे क्लोरीनची चाचणी करतो. पाण्यात थेंब टाकले आणि पिवळसर रंग आला म्हणजे क्लोरीन तिथपर्यंत पोचलं. रंग नाही आला तर मधे कुठेतरी पाइप फुटलाय नाहीतर पावडरच कमी पडलीय. पावसाळ्यात या एका कामावर गावाची हगवण-कावीळ अवलंबून असते, पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून आरोग्य विभाग गावाला धोक्याप्रमाणे लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतो. आणि हे करणाऱ्याचा पगार बऱ्याच गावांत महिनोन्‌महिने थकलेला असतो, कारण पाणीपट्टी वसूल होत नाही.

केंद्राच्या वित्त आयोगाने यावर एक उपाय केला, पैशालाच लगाम लावला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित केला, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी, उरलेला ४० टक्के गाव ठरवेल त्यावर, पण पगारावर नाही. दिल्लीने ठरवलेलं अत्यावश्यक प्रत्येक गावाला लागू पडतंच असं नाही, तरी निदान पाण्याचे पैसे स्वागतकमानीत जात नाहीत, म्हणून मला ही अट योग्य वाटते. फक्त पगाराची बंदी चुकीची आहे, टाकी बांधून ती चालवायला माणूसच नसेल तर उपयोग काय.

यादीत काय नसतं हेही बघायला हवं. बायकांसाठी स्वच्छतागृह ही गोष्ट कुठल्याच शहराच्या बजेटमध्ये वर्षानुवर्षं तातडीची नव्हती. मुंबईत २०११ पासून राइट टू पी, म्हणजे लघवीला जाण्याच्या हक्काची मोहीम चालली, मिळून साऱ्याजणी मासिकाच्या वतीने पुण्यातून याचिका गेली आणि डिसेंबर २०१५ मध्ये हायकोर्टाने महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं बांधायला सांगितलं. बाजारात भाजी विकणारी बाई दिवसभर पाणीच पीत नाही, हा त्रास स्थायी समितीत बसलेल्या पुरुषांच्या वाट्याला कधी आलाच नव्हता.

म्हणून ठरवताना दोन गोष्टी विचाराव्यात असं मला वाटतं, सेवा थांबल्यावर किती तासांत त्रास सुरू होतो आणि तो आधी कुणाला होतो. पाणी गेलं तर बंगल्यात टँकर येतो, चाळीत भांडणं होतात. वाचनालय बंद झालं तर चार दिवस कुणाला कळत नाही, पण एका खोलीच्या घरातून तिथे स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला येणाऱ्या पोरीचं वर्ष जातं. पहिल्या प्रश्नावर वाचनालय मागे पडतं, दुसऱ्यावर पडत नाही.

हे प्रश्न विचारायची जागा गावात ग्रामसभा, विकास आराखडा तिथे मांडला जातो आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला सभा घ्यायची पद्धत आहे. शहरात ती जागा म्हणजे स्थायी समिती आणि बजेटची सर्वसाधारण सभा. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर या महापालिकांची मुदत संपली, निवडणुका वेळेत झाल्या नाहीत आणि कारभार प्रशासकाकडे गेला. त्यानंतर एकामागून एक बजेटं नगरसेवकांच्या चर्चेशिवाय मंजूर झाली, म्हणजे कुठला रस्ता आधी आणि कुठल्या वस्तीचा नळ नंतर हे ठरवणारा माणूस मतदाराला उत्तर द्यायला बांधील नव्हता.