जुने कपडे आमच्याकडे देण्याआधी हे वाचा

आम्ही जुन्या कपड्यांपासून पिशव्या, गोधड्या, उशीची कव्हरं, पायपुसणी करून देतो. कपडे धुऊन, पूर्ण वाळवून आणा, म्हणजे कुठले डाग पक्के बसलेत ते आधीच कळतं. बटणं, चेन, हुक काढू नका, ते आम्हाला लागतात.

कापडात दम आहे का हे घरीच बघता येतं. उजेडासमोर धरा, जाळीसारखं दिसलं की ते विरलंय, मग दोन्ही अंगठ्यांनी हलकं ताणा, टरकन आवाज आला तर त्याची पिशवी नको, वजन पेलणार नाही. असलं कापड गोधडीच्या आतल्या थरात चालतं, नाहीतर सरळ घरी फडकी करा, त्यासाठी आम्हाला पैसे कशाला देता?

जीन्स विरते मांड्यांच्या आतून आणि गुडघ्यावर, पोटरीमागचा भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो, त्यामुळे पिशवी होईल की नाही हे आम्ही पायाच्या मागच्या बाजूवरून ठरवतो. घरी शिवणार असाल तर 16 नंबरची जीन्सची सुई लावा आणि जिथे शिवणीवर शिवण येते तिथे पायडल सोडून चाक हाताने फिरवत तेवढे टाके घाला, नाहीतर सुई मोडलीच म्हणून समजा.

कॉटन टीशर्टच्या बगलेखालून 2-3 सेंमीच्या आडव्या पट्ट्या कापून ताणल्या की कडा आपोआप आत वळतात, मस्त जाड सूत तयार होतं, त्याची क्रोशाने पायपुसणी होतात. रबरी प्रिंटचा भाग मात्र वळत नाही, तो आम्ही उशीच्या कव्हरवर लावतो. लेगिंग्जचं इलॅस्टिक मेलं असेल तर आणू नका, कापडाला लाटा येतात आणि शिलाई सरळ बसत नाही.

"अस्तर लावायला एवढा वेळ का?" असं बरेच जण विचारतात. जुनं कापड धुऊन धुऊन आटलेलं असतं, नवं कॉटन अस्तर आटायचं बाकी असतं, ते तसंच शिवलं की पहिल्या धुण्यातच पिशवी आतून ओढली जाऊन चुण्या पडतात, म्हणून अस्तर आधी भिजवून वाळवावं लागतं.

आणि शर्टाची कॉलर फक्त घडीवर झिजली असेल तर शर्ट कापायला देऊच नका हो! कॉलर उसवून उलटी बसवतो, झिजलेली बाजू आत जाते आणि शर्ट पुन्हा घालता येतो. कॉलरच्या टोकांना बटणं असतील तर मात्र हे जमत नाही, काजांची उलटी बाजू वर येते.