पार्श्वभूमी : स्कौहीगनच्या सिनेटर मार्गारेट चेस स्मिथ

मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं राज्य. थंडी कडाक्याची, वस्ती विरळ, पोटापाण्याचे धंदे म्हणजे लाकूड, कागद, मासेमारी, चामडं आणि कापड. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथे रिपब्लिकन पक्षाचं तिकीट मिळालं की निवडणूक जवळपास जिंकल्यातच जमा असे. पण हे रिपब्लिकन न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागाच्या वळणाचे होते. सरकारने हात आखडूनच खर्च करावा, पण नागरिकांच्या हक्कांचा प्रश्न आला की पक्षशिस्त जरा बाजूला ठेवावी, असा त्यांचा खाक्या. मार्गारेट चेस स्मिथ यांची कारकीर्द याच मातीतली आहे. आज ‘मध्यममार्गी रिपब्लिकन’ म्हटलं की अमेरिकेत हमखास त्यांचं नाव निघतं. त्यांच्या मतदानाची नोंद नीट पाहिली तर मात्र ‘मध्यममार्गी’ हे विशेषण त्यांना फारसं बसत नाही. त्या मधोमध कधीच उभ्या नव्हत्या. कधी या टोकाला, कधी त्या टोकाला, पण कुणाला विचारून नाही.

जन्म १४ डिसेंबर १८९७, स्कौहीगन या गिरणीच्या गावात. वडील न्हावी. आई घर सांभाळून मिळेल ती मोलमजुरी करायची. सहा भावंडांत मार्गारेट थोरल्या. बाराव्या-तेराव्या वर्षीच त्या किरकोळ मालाच्या दुकानात काम करू लागल्या. शाळेत त्या बास्केटबॉल खेळत. १९१६ मध्ये हायस्कूल झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं, कारण कॉलेजला पैसे नव्हते. मग काही काळ एकशिक्षकी शाळेत मास्तरीण, नंतर टेलिफोन कंपनीत, पुढे गावातल्या साप्ताहिकात खपाची जबाबदारी, त्यानंतर लोकरीच्या गिरणीत नोकरी. १९२२ मध्ये नोकरदार आणि व्यावसायिक बायकांच्या क्लबची गावातली शाखा काढण्यात त्यांचा पुढाकार होता. पुढे राज्यभर मतं मागायला निघाल्यावर या क्लबांचं जाळं किती कामाला आलं, हे पक्षाच्या पुढाऱ्यांना उशिरा कळलं.

१९३० मध्ये त्यांनी क्लाइड स्मिथ यांच्याशी लग्न केलं. ते वयाने २१ वर्षांनी मोठे, स्थानिक राजकारणात मुरलेले आणि त्या साप्ताहिकाचे एक मालक. १९३६ मध्ये क्लाइड प्रतिनिधिगृहात निवडून गेले आणि मार्गारेट त्यांच्या सेक्रेटरी झाल्या. पत्रव्यवहार, भाषणांची तयारी, मतदारसंघातली माणसं हे सगळं त्याच पाहत. एप्रिल १९४० मध्ये क्लाइड हृदयविकाराने गेले आणि पोटनिवडणुकीत मार्गारेट त्यांच्या जागी निवडून आल्या.

अमेरिकी काँग्रेसमध्ये त्या काळी बायका यायच्या त्या बहुतेक याच वाटेने. पक्षाच्या दृष्टीने ती अनुकंपा तत्त्वावरची नेमणूक असे. बाईंनी उरलेली मुदत काढावी, तोवर खरा उमेदवार शोधता येतो, एवढाच हिशेब. स्मिथ त्या जागेवर आठ वर्षांहून जास्त राहिल्या. नौदल व्यवहार समितीत जागा मिळवली आणि संरक्षण हाच विषय धरला. महायुद्धात हजारो बायकांनी सैन्यात काम केलं होतं. युद्ध संपल्यावर त्यांना कायम नोकरी द्यायची की फक्त राखीव दलात ठेवायचं, हा वाद पेटला. समितीतल्या पुरुषांचा कल ‘राखीव बस्स’ असा होता. विरोधात एकच मत पडलं, ते स्मिथबाईंचं. त्यांचा मुद्दा साधा होता : सैन्याला बायका हव्या आहेत की नको आहेत? हव्या असतील तर पेन्शन, हुद्दा, हक्क सगळं द्या. शेवटी त्यांचंच खरं झालं. जून १९४८ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी महिलांना सैन्यात कायम स्थान देणाऱ्या कायद्यावर सही केली.

त्याच वर्षी मेनमधली सिनेटची एक जागा रिकामी होणार होती. रिपब्लिकन पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत त्यांच्यासमोर एक विद्यमान गव्हर्नर, एक माजी गव्हर्नर आणि एक धर्मोपदेशक होते. पैसा आणि पक्षयंत्रणा त्यांच्याकडे. स्मिथबाईंकडे त्या क्लबांमधल्या बायका होत्या आणि दर शनिवार-रविवारी वॉशिंग्टनहून गावोगाव फिरायची चिकाटी होती. हिवाळ्यात बर्फावरून घसरून त्यांचा हात मोडला. त्यांनी तो प्लास्टरमध्ये घालून घेतला आणि त्याच दिवशी पुढच्या गावच्या सभेला हजर झाल्या. ‘सिनेट ही बाईची जागा नाही’ या टोमण्याला त्यांचं उत्तर असं : घरात नियम बाईच करते, तीच ते अमलात आणते आणि भांडणाचा निवाडाही तीच करते, मग सरकार चालवायला आणखी काय लागतं?

आणखी एक प्रकार त्या प्रचारात झाला. तो पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचा आहे. त्यांच्याविरुद्ध निनावी पत्रकं वाटली गेली. न्यूयॉर्कचे डावे खासदार व्हिटो मार्कांतोनियो यांच्या बाजूने त्यांनी किती वेळा मत दिलं याची यादी त्यात होती. सुचवायचं एवढंच की बाई कम्युनिस्टांच्या जवळच्या. स्मिथबाईंनी एकेक मत काढून उत्तर दिलं. त्यातली बरीच मतं अशी होती की तिथे बहुसंख्य रिपब्लिकनांनीही तसंच मत दिलं होतं. मतदारांना हे पटलं. तिन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या मतांची बेरीज केली तरी त्यांची मतं जास्त भरली. सप्टेंबरच्या मुख्य निवडणुकीत सुमारे ७१ टक्के मतं घेऊन त्या सिनेटर झाल्या. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांवर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला.

फेब्रुवारी १९५० मध्ये विस्कॉन्सिनचे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी व्हीलिंग गावच्या भाषणात परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट घुसले असल्याची आपल्याकडे यादी आहे, असं जाहीर केलं. स्मिथबाई स्वतः कट्टर कम्युनिस्टविरोधी होत्या, त्यामुळे सुरुवातीला त्यांना यात तथ्य वाटलं. त्यांनी मॅकार्थींकडे कागदपत्रं मागितली. हाती आलेले कागद पाहिल्यावर त्यात पुरावा म्हणावा असं काही सापडेना. निनावी पत्रकांचा अनुभव अवघ्या दोन वर्षांपूर्वीचा होता. सत्ताधारी डेमोक्रॅट पक्षाचे सिनेटर बोलायला घाबरत होते, कारण बोलेल त्याचं नाव पुढच्या यादीत जाण्याची भीती. आपल्याच पक्षातले ज्येष्ठही गप्प होते. मॅकार्थींमुळे डेमोक्रॅट अडचणीत येत होते आणि पक्षाला ते हवंच होतं.

१ जून १९५० ला सिनेटकडे जाताना त्यांना भुयारी रेल्वेत मॅकार्थीच भेटले. ‘मार्गारेट, आज फार गंभीर दिसताय, भाषण वगैरे करणार की काय?’ असं त्यांनी विचारलं. ‘हो, आणि ते तुम्हाला आवडणार नाही,’ असं त्यांनी सांगितलं. भाषण पंधराएक मिनिटांचं. मॅकार्थी मागेच बसून ऐकत होते. स्मिथबाईंनी त्यांचं नाव एकदाही घेतलं नाही. टीका करण्याचा, लोकांना न रुचणारी मतं बाळगण्याचा, निषेध नोंदवण्याचा आणि स्वतंत्र विचार करण्याचा हक्क हा अमेरिकी माणसाचा मूळ हक्क आहे, असं त्यांनी ठणकावलं. ट्रुमन सरकारच्या ढिलाईवरही कोरडे ओढले. पण खरा घाव स्वपक्षावर होता : भीती, अज्ञान, द्वेष आणि बदनामी या चार घोड्यांवर स्वार होऊन आपला पक्ष सत्तेवर आलेला आपल्याला बघायचा नाही. सोबत जोडलेल्या निवेदनावर आणखी सहा रिपब्लिकन सिनेटरांच्या सह्या होत्या. व्हरमाँटचे जॉर्ज एकेन आणि ऑरेगनचे वेन मोर्स त्यात होते.

हेच भाषण एखाद्या पुरुषाने केलं असतं तर तो पुढचा अध्यक्ष झाला असता, असं अनेक अध्यक्षांचे सल्लागार राहिलेले धनिक बर्नार्ड बरूक म्हणाले. स्मिथबाईंच्या वाट्याला मात्र खिल्ली आली. ‘स्नो व्हाइट आणि सहा बुटके’ हे मॅकार्थींनी केलेलं नामकरण. त्यांनी स्मिथबाईंना तपास उपसमितीतूनही काढून टाकलं आणि त्यांच्या जागी रिचर्ड निक्सन आले. महिन्याच्या आतच कोरियाचं युद्ध सुरू झालं, कम्युनिस्टांचं भय दुप्पट झालं आणि सही करणाऱ्यांतले बहुतेक हळूहळू मागे सरकले. आज हे भाषण पाठ्यपुस्तकात ‘मॅकार्थीवादाला पहिला धक्का’ म्हणून येतं, पण धक्का बसला असं मॅकार्थींना पुढची चार वर्षं जाणवलंसुद्धा नाही. १९५४ मध्ये त्यांनी मेनमध्ये स्मिथबाईंविरुद्ध आपला माणूस उभा केला. त्याला बाईंनी पाचास एक अशा फरकाने आडवा केला. त्याच डिसेंबरात सिनेटने ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींवर निषेधाचा ठराव केला, तेव्हा स्मिथबाईंचं मत अर्थातच ठरावाच्या बाजूला होतं.

पुढची वर्षं रोजच्या कामाची. १९५५ पासून त्यांनी सिनेटमधलं एकही नावानिशी मतदान चुकवलं नाही. सलग २,९४१ मतदानांनंतर १९६८ मध्ये कमरेच्या शस्त्रक्रियेमुळे हा क्रम मोडला. कोटावर रोज ताजा लाल गुलाब असे. गुलाबाला राष्ट्रीय फूल करा, असा त्यांचा आग्रह. इलिनॉयचे सिनेटर डर्कसन यांना झेंडू हवा होता, त्यामुळे दोघांची याच्यावरून गमतीत खडाजंगी चाले. सिनेनट जेम्स स्टुअर्ट यांना हवाई दलाच्या राखीव तुकडीत ब्रिगेडियर जनरल करायचा प्रस्ताव १९५७ मध्ये आला, तेव्हा यांनी पुरेसं प्रशिक्षण घेतलंय का, असं विचारून त्यांनी तो अडवला. चाहत्यांचा रोष झाला, पण बढती दोन वर्षं लांबली ती लांबलीच.

आता मतांचा हिशेब पाहा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याला, १९६५ च्या मताधिकार कायद्याला आणि वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याला त्यांचा पाठिंबा. दुसरीकडे अण्वस्त्रांच्या बाबतीत अध्यक्ष केनेडी पुरेसे कणखर नाहीत, असं त्यांनी १९६१ मध्ये भर सभागृहात सुनावलं. त्यावर सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी त्यांना बाईच्या रूपातला सैतान ठरवलं. व्हिएतनाम युद्धाला त्यांचा शेवटपर्यंत पाठिंबा होता. म्हणजे संरक्षणात डेमोक्रॅट अध्यक्षाच्याही उजवीकडे आणि नागरी हक्कांत आपल्याच पक्षाच्या पुढच्या उमेदवाराच्या कितीतरी डावीकडे.

तो उमेदवार म्हणजे बॅरी गोल्डवॉटर. जानेवारी १९६४ मध्ये स्मिथबाईंनी स्वतःच अध्यक्षपदाची उमेदवारी जाहीर केली. पैसा, वेळ आणि यंत्रणा यांपैकी काहीच आपल्याकडे नाही, अशी उभं न राहण्याची सगळी कारणं त्यांनी भाषणात आधी सांगितली आणि म्हणूनच उभी राहते आहे, असं म्हणाल्या. देणग्या परत पाठवल्या. न्यू हॅम्पशायरमध्ये पाचव्या आल्या, इलिनॉयमध्ये मात्र सुमारे एक चतुर्थांश मतं मिळाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात एकेन यांनी त्यांचं नाव मांडलं. मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदासाठी रीतसर मांडलेलं ते पहिलं महिलेचं नाव. प्रतिनिधींची मतं पडली २७. निकाल लागल्यावर बाकीचे उमेदवार गोल्डवॉटर यांची निवड एकमताने करायला पुढे सरसावले. स्मिथबाईंनी माघार घेतली नाही. नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या गोल्डवॉटर यांची निवड एकमताने झाल्याची नोंद होऊ शकली नाही ती त्यांच्यामुळे.

१९७० पर्यंत काळ बदलला होता. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्य कंबोडियात घुसल्यावर संतापलेल्या विद्यार्थ्यांना भेटायला त्या मेनमधल्या कोल्बी कॉलेजात गेल्या. लाओसमध्ये अमेरिकी सैनिक नाहीत, असं त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं आणि तिथेच जखमी होऊन आलेला तरुण गर्दीतून उभा राहिला. महिन्याभरात, जुन्या भाषणाला बरोबर वीस वर्षं झाली त्या दिवशी त्यांनी सिनेटमध्ये दुसरं भाषण केलं आणि या वेळी डाव्या-उजव्या दोन्ही टोकांना झोडपलं. पण पहिल्या भाषणामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता, दुसऱ्यामागे गोंधळलेला वैताग जास्त दिसतो. १९७२ मध्ये वयाची पंचाहत्तरी जवळ आली होती, प्रचाराच्या जाहिरातींवर खर्च करायची तयारी नव्हती, आणि मतदार तरुण झाला होता. डेमोक्रॅट विल्यम हॅथवे यांनी त्यांना हरवलं. त्यानंतर त्या स्कौहीगनला परतल्या. १९८९ मध्ये त्यांना अमेरिकी अध्यक्षांकडून दिलं जाणारं स्वातंत्र्यपदक मिळालं आणि २९ मे १९९५ ला त्याच गावी ९७ व्या वर्षी त्या वारल्या.

हॅथवेंकडून ती जागा विल्यम कोहेन यांच्याकडे गेली आणि १९९६ मध्ये सुझन कॉलिन्स यांच्याकडे आली. कॉलिन्स शाळकरी असताना वॉशिंग्टनला आल्या होत्या, तेव्हा स्मिथबाई त्यांच्याशी जवळजवळ दोन तास बोलत बसल्या होत्या. एकही मतदान न चुकवण्याचा नेम कॉलिन्स यांनीही धरला आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्यावरच्या पहिल्या महाभियोगात त्यांनी ट्रम्प यांना दोषमुक्त केलं, वर्षभराने दुसऱ्या महाभियोगात दोषी धरलं. त्या दुसऱ्या वेळी वेगळं मत देणारे रिपब्लिकन सिनेटर कॉलिन्स धरून सात होते. १९५० च्या निवेदनावरही स्मिथबाई धरून सातच सह्या होत्या.