ड्राफ्टचा नियम एनबीएचा, हिशेब छोट्या कॉलेजांचा

अमेरिकेत बास्केटबॉलपटूने कोणत्या वयात व्यावसायिक व्हायचं, हे एनबीए ही व्यावसायिक लीग आणि खेळाडूंची संघटना आपसांतल्या करारात ठरवतात. कॉलेजं त्या वाटाघाटींत नसतात. तरी त्या एका कलमावर डिव्हिजन वन या कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीतल्या साडेतीनशेहून अधिक कॉलेजांची भरती हलते. चर्चा होते ती केंटकी किंवा ड्यूक अशा बड्या कॉलेजांची, पण नियमाचा खरा ताण डेव्हिडसन, लीहाय, वेबर स्टेट अशा छोट्या कॉलेजांत जाणवतो. नावाजलेला खेळाडू त्यांच्याकडे येतच नाही. त्यांचं भांडवल एकच असतं, ते म्हणजे वेळ. कुणाला नको असलेला मुलगा घ्यायचा आणि तीन-चार वर्षांत घडवायचा. म्हणून खेळाडूला कधी जाता येईल, हा प्रश्न त्यांच्यासाठी जगण्या-मरण्याचा आहे.

सुरुवातीला नियम सरळ होता: शाळा संपून चार वर्षं झाल्याशिवाय एनबीएत प्रवेश नाही. तो मोडला स्पेन्सर हेवूडने. त्याला सिएटलच्या एनबीए संघाने मुदतीआधीच करारबद्ध केलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७१ मध्ये निकाल हेवूडच्या बाजूने लागला. मग घरची परिस्थिती हलाखीची असल्याचं दाखवणाऱ्याला लवकर येण्याची मुभा मिळाली. १९७६ मध्ये ती अटही गेली. दरम्यान १९७४ मध्ये मोझेस मलोन मेरीलँडला जायचं ठरलेलं असताना शाळेतून थेट एनबीएच्या प्रतिस्पर्धी लीगमध्ये, एबीएत, गेला.

याच काळातलं लॅरी बर्डचं प्रकरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. १९७४ मध्ये तो इंडियाना विद्यापीठात दाखल झाला, महिन्याभरात घरी परतला, गावात कचऱ्याच्या गाडीवर काम केलं आणि मग टेरे हॉटच्या इंडियाना स्टेटमध्ये आला. त्याच्या मूळ तुकडीची चार वर्षं १९७८ मध्ये पूर्ण झाल्यामुळे बॉस्टनने त्याला त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, निवडलं, आणि तेव्हाच्या नियमानुसार तो आणखी एक हंगाम कॉलेजात खेळू शकला. त्या हंगामात इंडियाना स्टेटने सलग ३३ सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात मॅजिक जॉन्सनच्या मिशिगन स्टेटकडून ७५-६४ अशी हार पत्करली. नियमातल्या त्या फटीमुळे बॉस्टनने आधीच निवडूनही हे वर्ष त्या कॉलेजालाच लाभलं. पुढे ती बुजवण्यात आली.

१९९५ मध्ये केविन गार्नेट शाळेतून थेट पाचव्या क्रमांकावर निवडला गेला, पुढच्या वर्षी कोबी ब्रायंट, २००३ मध्ये लेब्रॉन जेम्स. २००४ च्या पहिल्या फेरीत तर आठ शाळकरी मुलं निवडली गेली. २००५ च्या करारात अट आली: ड्राफ्टच्या वर्षात १९ पूर्ण आणि अमेरिकन खेळाडू असेल तर शाळा संपून किमान एक वर्ष. २००६ पासून ती लागू झाली आणि ‘वन अँड डन’चं, म्हणजे एक वर्ष कॉलेजात काढून एनबीएत जाण्याचं, युग सुरू झालं.

या नियमाने छोट्या कॉलेजांना खेळाडू दिले नाहीत. ती गुणी मुलं मोठ्यांकडेच गेली. मिळालं ते आडवाटेने. काही बड्या संघांची घडी दर वसंतात विस्कटू लागली, आणि मार्चमधल्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेत त्यांच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांसमोर तीन-तीन वर्षं एकत्र खेळलेले बाविशीचे खेळाडू उभे राहू लागले. हे एकमेव कारण नव्हतं, पण मला ते मोठं कारण वाटतं. स्टीफन करीला मोठ्या कॉलेजांकडून शिष्यवृत्ती मिळाली नव्हती. २००८ मध्ये त्याने डेव्हिडसनला अंतिम आठांत नेलं आणि नंतर आणखी एक वर्ष तिथेच काढलं. बटलरने २०१० चा अंतिम सामना ड्यूकविरुद्ध अवघ्या दोन गुणांनी गमावला. गॉर्डन हेवर्ड दोनच वर्षांत एनबीएत गेला, तरी मागे उरलेला गट इतका मुरलेला होता की पुढच्या वर्षी बटलर पुन्हा अंतिम फेरीत पोहोचलं. २०१२ मध्ये लीहायने ड्यूकला हरवलं. त्या विजयाचा नायक सी. जे. मॅकॉलम चौथं वर्ष पूर्ण करून मगच गेला. केंटकीने त्याच वर्षी पहिल्या वर्षाच्या (फ्रेशमन) अँथनी डेव्हिसच्या जोरावर विजेतेपद जिंकलं, हेही विसरून चालणार नाही.

२०१६ मध्ये खेळाडूला ड्राफ्टपूर्व चाचणी शिबिरात जाऊन, आपली किंमत जोखून, दहा दिवसांत नाव मागे घ्यायची मुभा मिळाली. प्रशिक्षकांना भरती संपवायच्या दिवसांत आपला मुख्य गडी राहणार की जाणार हेच कळेना. तरीही परत यायचं तर तो बहुधा आपल्याकडेच येई.

ते गृहीतक पुढच्या पाच वर्षांत मोडलं. २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आलं, २०२१ मध्ये एक हंगाम न गमावता कॉलेज बदलायची परवानगी मिळाली आणि त्याच जुलैत खेळाडूंना आपलं नाव आणि प्रतिमा वापरू देऊन पैसे कमावण्याचे दरवाजे उघडले. खेळाडूंना हा हक्क मिळायलाच हवा होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण छोट्या कॉलेजांच्या पद्धतीचा त्यात पायाच निघाला. २०२२ मध्ये जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सने केंटकीला हरवून अंतिम आठांत धडक मारली. पंधराव्या मानांकनाच्या संघाने तिथवर जाण्याची ती पहिलीच वेळ. काही आठवड्यांत प्रशिक्षक सीटन हॉलला गेले आणि प्रमुख खेळाडूही पांगले. पेरलं एकाने, कापणी दुसऱ्यांची झाली.

आता चक्र उलटं फिरतंय. २०२१ च्या ड्राफ्टसाठी साडेतीनशेहून अधिक खेळाडूंनी कॉलेजची वर्षं पुरी होण्याआधीच नावं दिली होती. २०२५ मध्ये ती संख्या शंभराच्या थोडी वर उरली. दुसऱ्या फेरीत निवड होण्याच्या आशेपेक्षा मोठ्या कॉलेजातला पैसा खात्रीचा. म्हणजे मोठे संघही आता बाविशी-तेविशीचे झालेत, आणि त्यांतले अनेक खेळाडू छोट्या कॉलेजांत घडलेले असतात. २०२५ च्या स्पर्धेत अंतिम सोळांतले सगळे संघ फक्त चार बलाढ्य कॉन्फरन्समधले (कॉलेजांच्या गटांतले) होते.

लहान कॉलेजांचे प्रशिक्षक आता ज्युनियर कॉलेजं, डिव्हिजन टू, परदेशी क्लब आणि मोठ्या संघांत बाकावर बसून कंटाळलेली मुलं यांतून दर वर्षी नवा संघ जुळवतात. शाळकरी मुलाला चार वर्षं घडवण्यासाठी शिष्यवृत्ती देणं त्यांना पूर्वीसारखं परवडत नाही. २०२३ मध्ये एनबीए आणि खेळाडू संघटनेचा नवा करार झाला, त्यात १९ वर्षांची अट तशीच ठेवली गेली.