जी-एच-ओ-टी-आय म्हणजे ‘फिश’?

‘इंग्रजी स्पेलिंगला नियमच नाहीत, घोकायचं फक्त’ हे पटवायला ‘रफ’मधला जी-एच, ‘विमेन’मधला ओ आणि ‘नेशन’मधला टी-आय जोडून जी-एच-ओ-टी-आयचा उच्चार ‘फिश’ हे उदाहरण नाटककार बर्नार्ड शॉच्या नावावर फिरतं. पण ते १८५५च्या एका पत्रात सापडतं, आणि शॉ जन्मला १८५६ साली!

मुळात उदाहरणच चुकीचं आहे. जी-एचचा ‘फ’ ‘रफ’च्या शेवटी होतो, शब्दाच्या सुरुवातीला कधीच नाही. टी-आयचा ‘श’ ‘नेशन’सारखा, पुढे स्वर असेल तरच. ओचा ‘इ’ तर ‘विमेन’पुरताच. अक्षर कुठे बसलंय यावर उच्चार ठरतो, आणि मुलांना हेच तर दाखवायचं असतं! पुतणीला ‘कॅप’पुढे ई लावून ‘केप’, ‘हॉप’चं ‘होप’ करून दाखवलं. ‘टेप’ तिनं आपलं आपण वाचलं. ‘हॅव’सारखे अपवाद तेवढे वेगळे लक्षात ठेवावे लागतात.