चेनसॉची उसळी आणि चेनसॉचा रेटा

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यावर आदळलं, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि रस्ते मोकळे करायला जिथे-तिथे चेनसॉ, म्हणजे यांत्रिक साखळी-करवती, घरघरल्या. आता तर ऑनलाइन दहा हजारांच्या आत मशीन घरपोच येतं. सोबतचं माहितीपुस्तक मात्र कुणी उघडत नाही. मग कापताना झटका बसला की सगळे एकच बोलतात, "मशीन मागे मारतं." आणि उपायही एकच: "बरेक हाय ना दादा, काय नाय व्हत."

झटके दोन आहेत: रेटा आणि उसळी. ते बारच्या (चेन ज्याच्याभोवती धावते त्या लांब पात्याच्या) वेगवेगळ्या जागांवर बसतात, वेगवेगळ्या दिशेने येतात आणि ब्रेकचा भरवसा त्यातल्या एकालाच धरता येतो.

चेन कशी धावते ते आधी बघू. मशीन हातात धरलं की बारच्या वरच्या कडेने चेन आपल्यापासून लांब पळते, टोकाला वळसा घालते आणि खालच्या कडेने आपल्याकडे परत येते. खालच्या कडेने कापताना मशीन लाकडाकडे ओढलं जातं, त्याचे पुढचे खिळे ओंडक्याला टेकतात आणि काम निवांत चालतं. वरच्या कडेने कापलं की गणित उलटतं. ओंडका काही हलत नाही, मग मशीनच सरळ रेषेत आपल्या अंगावर येतं. हा रेटा. तो सलग जाणवतो आणि पाय नीट रोवलेले असतील तर माणूस तो पेलतो.

उसळी पेलता येत नाही. तिची जागा बारच्या टोकाची, तीही फक्त वरच्या अर्ध्या गोलाईची. बारचं टोक उजवीकडे आहे असं धरलं तर घड्याळात 12 ते 3 च्या मधला भाग. चेनच्या प्रत्येक दातापुढे एक बुटका खुंट असतो आणि दात लाकडात किती खोल जावा ते तो ठरवतो. सरळ कडेवर तो चोख काम करतो. गोलाईवर वळताना मात्र खुंट आणि दात यांचा मेळ सुटतो, दात हवा त्यापेक्षा खोल रुततो आणि अडकतो. भरधाव चेन सेकंदाला साधारण वीस मीटरने पळत असते. ती अशी अडकली की सगळा जोर बारवर उलटतो आणि बार वर उठून मागे, कापणाऱ्याच्या मानेकडे आणि खांद्याकडे वळतो. हे इतक्या झटक्यात होतं की "सावध राहीन" म्हणण्याला काही अर्थ उरत नाही. शिवाय टोक ज्याला लागतं ते लाकूड बहुतेक वेळा आपण कापत नसतोच. मागच्या बाजूची फांदी असते, नाहीतर पाल्यात लपलेला दुसरा ओंडका.

ब्रेक बनवलाय तो या उसळीसाठी. पुढच्या हँडलसमोरची ढाल डाव्या मनगटाने ढकलली गेली किंवा मशीन झटक्याने फिरलं की तो चेन जागीच थांबवतो. रेट्यात मशीन फिरत नाही, सरळ मागे येतं. मनगट ढालीपर्यंत पोचत नाही आणि आपोआप ब्रेक लागेलच असं नाही. तिथे ब्रेकवर विसंबणं चूक.

वादळात पडलेल्या झाडावर दोन्ही झटके एकाच कापात भेटतात. समजा, माड दोन बांधांवर आडवा पडलाय, मध्ये पोकळी. खोड खाली झुकलंय, म्हणजे वरच्या बाजूला दाब आणि खालच्या बाजूला ताण. वरून आरपार कापायला गेलं तर काप मिटत जातो आणि बार चिमटला जातो. वरच्या कडेची चेन लाकडात आवळली गेली की रेटा धक्का होऊन येतो, मशीन दाणकन मागे बसतं. म्हणून वरून सुमारे एक तृतीयांश कापून थांबायचं आणि उरलेलं खालून, बारच्या वरच्या कडेने घ्यायचं. काप मिटतोय असं वाटलं तर लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर ठोकावी, लोखंडी नको, चेन तिच्यावर आपटली तर दात गेले. खोड एकाच टोकाला टेकलेलं असेल तर क्रम उलटा: आधी खालून तृतीयांश, मग वरून.

खालून कापताना रेटा येणारच, तो गृहीत धरायचा. खरा घात पुढे आहे. रेट्याला हात ढिले पडले की मशीन मागे सरकत जातं, बार कापातून बाहेर येतो आणि शेवटी लाकडात उरतं ते फक्त टोक. त्याच क्षणी रेट्याची उसळी होते. म्हणून असा काप घेताना मागचं हँडल उजव्या मांडीला टेकवा, पाय फाकवून रोवा आणि बारचं टोक पलीकडे कुठे आहे यावरून नजर हलवू नका.

बाकीची शिस्त उसळीसाठी. बारच्या रेषेत डोकं ठेवू नका, शरीर तिच्या डावीकडे हवं. डाव्या हाताचा अंगठा हँडलखालून पूर्ण वळवलेला पाहिजे. वरून नुसता टेकवला तर उसळीत हात सुटतो, आणि मनगट ढालीवर आपटण्याऐवजी हवेत राहतं. डावखुऱ्यांनीही मशीन असंच धरायचं, ते घडवलंय तसंच. खांद्याच्या वर कापणं, शिडीवर चढून कापणं आणि एका हाताने फांद्या छाटणं, हे तिन्ही आपल्याकडे रोज दिसतं आणि तिन्ही बंद व्हायला हवं.

धार लावणाऱ्याकडेही लक्ष असू द्या. मशीनने "जास्त खावं" म्हणून काही जण दातापुढचे खुंट घासून खाली नेतात. नेहमीच्या बऱ्याच चेनमध्ये खुंट दाताच्या टोकापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली असतो, तुमच्या चेनचा आकडा पुस्तकात सापडेल. त्याहून खाली नेला की मशीन भसाभस खातं खरं, पण उसळीची ताकदही वाढते. मशीन ताब्यात घेताना एक करा: जमिनीवर ठेवून ब्रेक लावून सुरू करा, मग दोन्ही हातांनी उचलून ब्रेक सोडा, पूर्ण वेग द्या आणि हँडल न सोडता डाव्या मनगटाने ढाल पुढे ढकला. चेन लगेच थांबली नाही तर त्या दिवशी ते मशीन लाकडाला लावू नका.